रामनवमीचे 1 कोटी 92 लाख
सीमाभागातल्या एका पतसंस्थेचं लेखापरीक्षण: प्रकरण अभ्यास

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं एक मोठं गाव. गावात हायस्कूल आहे, आठवड्याचा बाजार भरतो आणि मराठी माणसांनी वर्गणी काढल्यासारखे शेअर गोळा करून उभी केलेली एक पतसंस्था आहे. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. त्यातली संस्था, माणसं आणि संस्थेचे आकडे कुण्या एका ठिकाणचे नाहीत. कायदे, तारखा आणि मार्चअखेरची रीत मात्र खरी आहे.

संस्था 1959 च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली. ठेवी 14 कोटी, येणे कर्ज 11 कोटी, भागभांडवल 90 लाख. सभासदांत भात आणि काजूवाले शेतकरी जास्त, त्याखालोखाल शिक्षक आणि बेळगावात उद्यमबागेत कामाला जाणारी मंडळी. ठेवींचा बराचसा भाग पिग्मीचा: चहाच्या गाड्यावरून रोज 50, किराणा दुकानातून 100, शिलाईवाल्या बाईकडून जमेल तेवढे. उरलेल्या मुदत ठेवी निवृत्त माणसांच्या, नाहीतर पोरीच्या लग्नासाठी बाजूला काढलेल्या.

या ठेवींना विमा नाही. बँक अडचणीत आली तर ठेव विमा महामंडळ 5 लाखांपर्यंत रक्कम देतं. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून आहे, त्याआधी ती 1 लाख होती. हे संरक्षण बँकांना आहे, नागरी सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला नाही. गावात हा फरक फारसा कुणी बोलत नाही. काउंटर दोन्हीकडे सारखा, पासबुकही सारखं, वर पतसंस्थेचा व्याजदर अर्धा-एक टक्का जास्तच. तेव्हा ठेवीदाराच्या बाजूने पाहणारा असा एकच माणूस वर्षातून एकदा संस्थेत येतो, तो ऑडिटर. त्याला सर्वसाधारण सभेने नेमलेलं असतं. प्रत्यक्षात नाव चेअरमन सुचवतात, कुणीतरी अनुमोदन देतो आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते.

2022-23 चं ऑडिट बेळगावात टिळकवाडीत ऑफिस असलेल्या एका दोन पार्टनरच्या फर्मकडे होतं. थोरले पार्टनर ही संस्था बऱ्याच वर्षांपासून बघत होते. धाकटी पार्टनर तिशीच्या आतली, नुकतीच फर्ममध्ये घेतलेली. थोरले म्हणाले, "या वर्षी सही तू कर, सवय होईल." सही म्हणजे आता नुसती सही नाही. 1 जुलै 2019 पासून प्रत्येक ऑडिट रिपोर्टवर यूडीआयएन हा ओळख क्रमांक लागतो. त्या 18 अक्षरांच्या क्रमांकात सही करणाऱ्याचा सभासद क्रमांकच गुंफलेला असतो, त्यामुळे रिपोर्ट कुणी दिला याबद्दल पुढे कधी वाद उरत नाही.

दोन गोष्टी इथेच नोंदवायला हव्यात, कारण पुढचा सगळा तिढा त्यांतून आला. एक, हे गाव तिचं आजोळ. आज्जीची 3 लाखांची मुदत ठेव याच संस्थेत, आणि चेअरमनना ती लहानपणापासून 'मामा' म्हणते. दोन, संस्थेची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, हातात आली की ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक फर्ममधलीच आर्टिकलची, म्हणजे सी.ए.चं शिकणारी, पोरं तयार करून द्यायची. मग त्याच पत्रकांचं ऑडिट फर्मच करायची. कंपन्यांच्या बाबतीत 2013 च्या कायद्याचं 144 वं कलम हे सरळ नाकारतं. सहकारी संस्थेत तशी थेट आडकाठी नसली तरी आपण लिहिलेला हिशेब आपणच तपासणं हा धोका सी.ए.च्या आचारसंहितेत नाव घेऊन सांगितलेला आहे. आमच्या भागात तो इतका अंगवळणी पडलाय की त्याची फी एकाच बिलात लावतात.

किर्दीतलं एक पान

मार्चअखेरीची थकबाकी 23 लाख, म्हणजे कर्जाच्या 2.1 टक्के. खानापूर तालुक्यातल्या वीटभट्ट्यांना कर्ज देणाऱ्या संस्थेसाठी हा आकडा जरा जास्तच देखणा होता. 2019 च्या ऑगस्टमधला पूर, पाठोपाठ 2020 चा लॉकडाऊन आणि गावी निघून गेलेले मजूर, मग पुढच्या हंगामात अवकाळी पावसात विरघळलेल्या कच्च्या विटा. त्या धंद्यातली चार वर्षं कुणाचीच सरळ गेलेली नाहीत. तिने थकबाकीची यादी बाजूला ठेवली आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्याची किर्द, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, उघडली.

30 मार्च 2023 च्या पानावर जमेला 43 कर्जखात्यांचा रोख भरणा होता: एकूण 1 कोटी 92 लाख. त्यात मुद्दल 1 कोटी 65 लाख, थकलेलं व्याज 27 लाख. त्याच पानावर नावे बाजूला त्याच 43 जणांना नवं कर्ज, रोख, एकूण 1 कोटी 92 लाख. रोख शिल्लक सकाळी 6 लाख 40 हजार आणि संध्याकाळीही त्याच घरात.

कर्ज नवं-जुनं करणं म्हणतात ते हेच. जुनं खातं बंद, त्याच माणसाच्या नावे व्याजासकट नवं खातं सुरू. नवं खातं थकलेलं नसतं, कारण त्याचा पहिला हप्ताच अजून यायचाय. वसुली दिसते, व्याज मिळालेलं दिसतं. हातात पडलेला असतो फक्त नव्या कर्जाचा कागद.

हे तिने सिद्ध कसं केलं ते शिकण्यासारखं आहे. 1 कोटी 92 लाख म्हणजे 500 च्या 38,400 नोटा, 384 बंडलं. 2,000 ची नोट तेव्हा चलनात होती, पण गावच्या व्यवहारात दिसायची बंद झाली होती. संस्थेत एकच कॅशियर, नोटा मोजायचं मशीन नाही. एक बंडल हाताने मोजायला दोन मिनिटं धरली तरी 384 बंडलांना जवळजवळ तेरा तास. इथे ती घ्यायचीही होती आणि परत द्यायचीही होती. त्यात 30 मार्चला रामनवमी. दुपारी बाराच्या जन्मोत्सवासाठी संस्था अर्धा दिवस बंद, हजेरीपटावर तशी नोंद. आणि आदल्याच दिवशी, 29 मार्चला, कर्नाटक विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. नाक्यानाक्यावर गाड्यांची झडती, 50 हजारांवर रोकड सापडली तर कागद दाखवा. अशा दिवशी 43 माणसं सरासरी साडेचार लाख घेऊन आली आणि तेवढेच घेऊन परत गेली, असं किर्द म्हणत होती.

एवढ्यावर ती थांबली नाही. एसए 505 या ऑडिटच्या मानकाप्रमाणे कर्जदारांकडून शिल्लक कबुलीची पत्रं मागवता येतात. गावात छापील पत्राला उत्तर येत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून बाजारच्या दिवशी संस्थेचा माणूस बरोबर न घेता ती बाराजणांना भेटली. नऊजणांनी सांगितलं की त्या दिवशी आपण सही करायला आलो होतो, पैसे आणले नव्हते आणि नेलेही नाहीत. दोघांनी बोलणं टाळलं. एक म्हणाला, "सेक्रेटरी म्हणाले फॉर्मवर अंगठा द्या, दिला."

पुढे जामीनदारांच्या सह्या जुळवत गेल्यावर कळलं की 43 पैकी 29 खाती सात भट्टीवाल्या घराण्यांत फिरत होती. हा त्याला जामीन, तो याला. दोन खाती संचालकांच्या नात्यातली. 2019 च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा एका बांधकाम गटाची बुडीत कर्जं झाकायला 21,049 बनावट खाती दाखवल्याचं बाहेर आलं होतं. इथे खाती खरी होती, माणसं खरी होती, फक्त पैशांची ये-जा खोटी होती.

आता ताळेबंदावर याचा परिणाम पाहा. संस्थेने नफा दाखवला होता 21 लाख. त्यात हे न आलेलं 27 लाखांचं व्याज आहे. ते काढलं की 6 लाख तोटा, तोही बुडीत कर्जासाठी एक पैशाची तरतूद करण्याआधी. थकबाकी 2.1 टक्क्यांवरून साडेसतरा टक्क्यांवर. 10 टक्के लाभांश सुचवला होता, म्हणजे 9 लाख. ते जाणार कुठून? नफा नाही, तेव्हा ठेवींतूनच, म्हणजे त्या चहाच्या गाड्यावाल्याच्या 50 रुपयांतून.

मामा आणि मॅडम

चेअरमन तिला स्टाफसमोर मॅडम म्हणत. त्या दिवशी त्यांनी केबिनचं दार ओढून घेतलं आणि पोरी म्हणाले.

"पोरी, हे सगळेच करूलालेत की. मार्चला कोण करत नाही सांग बघू."

ती म्हणाली, "मामा, कोण करतं ते मला बघायचं नाही. रोकड आली होती की नव्हती, एवढंच सांगा."

ते गप्प बसले. मग तिने वही पुढे सरकवून जे मांडलं तो या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग आहे. तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा 1961 च्या 269 एसटी कलमाप्रमाणे 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका माणसाकडून एका दिवसात रोखीने घेता येत नव्हती, आणि पतसंस्थेला यातून सूट नव्हती. घेतली तर तेवढाच दंड. कर्ज रोखीने घेण्या-फेडण्यावर 269 एसएस आणि 269 टी ही कलमं होती, त्यांची मर्यादा तर 20,000 वर यायची. म्हणजे रोकड खरोखर आली असेल तर संस्था आणि कर्जदार दोघेही दंडाला पात्र. आली नसेल तर किर्द खोटी. चेअरमननी दोन्हींपैकी एक कबूल करायचं होतं. तिसरा रस्ता त्यांच्याच कॅशियरने त्या पानावर बंद करून ठेवला होता. नवं-जुनं बदली नोंदीने केलं असतं तर निदान हा पेच आला नसता. पण बदली नोंद उघडी पडते, म्हणून रोख दाखवली.

चेअरमन चोर नव्हते. हे लिहिणं भाग आहे, कारण अशा प्रकरणांत एक खलनायक शोधला की बाकीचे सुटतात. त्यांच्या नावावर संस्थेचं एक रुपयाचं कर्ज नव्हतं. त्यांची भीती वेगळी होती.

"तू खरं लिहिलंस की सोमवारी बाहेर रांग. 14 कोटी कोण देणार? आमच्याकडं जिल्हा बँकेत, डीसीसीत, अडीच कोटी, तिजोरीत सहा लाख. संस्था एका आठवड्यात बसेल. आणि रांगेत पहिली तुझी आज्जी असेल. दोन हंगाम दे. भट्ट्या पेटल्या की वसूल करतो, माझी जबान."

याला उत्तर देणं सोपं नाही, आणि वर्गात हे प्रकरण मांडलं की हुशार मुलंही इथे अडखळतात. रांग लागते हे खरं आहे. पतसंस्था बंद पडल्याच्या बातम्या दोन्ही राज्यांत वाचलेली ही माणसं आहेत, कुजबुज पुरते. ऑडिटरच्या एका परिच्छेदाने चालती संस्था बसू शकते, आणि मग ज्या ठेवीदारासाठी खरं लिहिलं त्याचेच पैसे अडकतात.

पण चेअरमनच्या म्हणण्यात एक भोक आहे. दोन हंगाम मागताना ते ठेवीदाराच्या पैशाने मागत होते, आणि त्याला न विचारता. त्या दोन हंगामांत नव्या ठेवी येतच राहणार. एप्रिलमध्ये कुणीतरी निवृत्त होणार, ग्रॅच्युइटी आणून इथे ठेवणार, ती 2.1 टक्के थकबाकी आणि 10 टक्के लाभांश वाचून. जुना ठेवीदार निदान आधीच अडकलेला आहे, या नव्याला आपण हाताला धरून आत आणतो. शिवाय नवं-जुनं केल्याने कर्ज तिथेच राहत नाही, व्याज मुद्दलात चढतं. 1 कोटी 65 लाख एका दिवसात 1 कोटी 92 लाख झाले. आणखी दोन मार्च असेच गेले असते तर अडीच कोटींच्या पुढे, आणि तारण त्याच विटा.

थोरल्या पार्टनरचा सल्ला

थोरल्यांनी कागद पाहिले. "तुझं काम चोख आहे," म्हणाले. मग त्यांनी तिला तीन वाटा दाखवल्या. पहिली: मुख्य रिपोर्ट स्वच्छ द्यायचा आणि हे सगळं रिपोर्टच्या मागे जोडलेल्या दोष-यादीत, 'काही कर्जखात्यांचे नूतनीकरण करताना योग्य ती दक्षता घ्यावी' अशा भाषेत टाकायचं. संस्था अनुपालन अहवाल देते, 'यापुढे दक्षता घेऊ' लिहिते आणि फाईल बंद होते. दुसरी: एम्फसिस ऑफ मॅटर. तिसरी: पुरेसा पुरावा मिळाला नाही म्हणून डिस्क्लेमर, म्हणजे मत देता येत नाही असं लिहिणं.

तिन्हींत पळवाट एकच आहे. एम्फसिस ऑफ मॅटर हे बरोबर मांडलेल्या गोष्टीकडे लक्ष वेधण्यासाठी असतं, चुकीची मांडलेली गोष्ट त्यात लपवता येत नाही. डिस्क्लेमर द्यायचा तो माहीत नसेल तर. तिला तर सगळं माहीत झालेलं, 384 बंडलांच्या हिशेबासकट. आणि दोष-यादीतली ती मऊ भाषा म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा 1949 च्या दुसऱ्या परिशिष्टातला पहिला भाग उघडून त्यातल्या 5 ते 7 या कलमांवर आपलं नाव आपणच लिहिणं: माहीत असलेली महत्त्वाची बाब उघड न करणं, माहीत असलेलं गंभीर चुकीचं विधान न सांगणं, योग्य ती काळजी न घेणं.

चौथी वाट थोरल्यांनी दाखवली नाही, तिलाच सुचली: ऑडिट सोडून द्यावं. पण सोडलं तरी पुढे येणाऱ्या ऑडिटरला पहिल्या परिशिष्टाच्या पहिल्या भागातल्या 8 व्या कलमाप्रमाणे आधी तिला लेखी कळवावं लागतं, आणि तेव्हा काय उत्तर द्यायचं हा प्रश्न तसाच उभा राहतो. प्रकरण फक्त पुढच्या टेबलावर सरकतं.

थोरल्यांवर फार कडक होऊ नये असं वाचकाला वाटेल. मला वाटत नाही. 7 जानेवारी 2009 ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. तेव्हा आमच्याकडे चहाच्या टेबलांवर महिनाभर हैदराबादच्या ऑडिटरांना नावं ठेवणं चाललं होतं. बँकेकडून शिल्लक थेट मागवून पाहिली नाही, एवढी साधी गोष्ट केली नाही म्हणून. तेच लोक आपल्या तालुक्यातल्या संस्थेत कॅशियरने दिलेला रोकड शिल्लकेचा दाखला फाईलला लावून पुढे जातात. आकडा लहान आहे आणि चेअरमन ओळखीचे आहेत, एवढाच फरक.

तिने क्वालिफाइड रिपोर्ट दिला, म्हणजे ठरावीक बाबी वगळता हिशेब बरोबर असं सांगणारा. 43 खाती, 1 कोटी 92 लाख, न आलेलं व्याज 27 लाख, नफ्याऐवजी 6 लाख तोटा, तरतुदीची गरज. सगळं आकड्यांत लिहिलं. ऑडिटचा 'अ' वर्ग दिला नाही. प्रती सहकार खात्याकडे आणि सहकार लेखापरीक्षण खात्याकडे गेल्या. फर्मला वेगळं पत्र देऊन आज्जीची ठेव आणि आजोळचं नातं नोंदवलं, आणि फाईल बाहेरच्या एका सी.ए.कडून नजरेखालून घालून घेतली. पुढच्या वर्षीपासून पत्रकं फर्मने तयार करायची नाहीत, हेही थोरल्यांकडून लिहून घेतलं. हे शेवटचं काम तिला रिपोर्टपेक्षा जड गेलं असावं.

माझा मतभेद एका ठिकाणी आहे. एसए 705 प्रमाणे चूक मोठी असेल पण एका कोपऱ्यापुरती असेल तर क्वालिफाइड. मोठीही असेल आणि सगळीकडे पसरलेली असेल तर अॅडव्हर्स, म्हणजे पत्रकं यथार्थ चित्र दाखवत नाहीत असं सरळ सांगणं. इथे नफ्याचा तोटा होतो, थकबाकी आठपट होते, लाभांश, ऑडिट वर्ग, राखीव निधी सगळं हलतं. शिवाय चूक अनवधानाने झालेली नाही, संचालक मंडळाच्या ठरावाने झालेली आहे. हा अॅडव्हर्सचाच मामला होता. 'या बाबी वगळता ताळेबंद यथार्थ चित्र दाखवतो' हे वाक्य तिने लिहिलं, पण त्या बाबी वगळल्यावर दाखवण्यासारखं चित्रच फार उरत नव्हतं.

आज्जीला काय सांगायचं

रिपोर्टवर सही होण्याआधीच्या आठवड्यात आज्जीने फोनवर सहज विचारलं, "ठेव मुदतीला आलीया. परत तिथंच ठेवू की बेळगावला बँकेत ठेवू गं?"

दुसऱ्या परिशिष्टाचं पहिलंच कलम सांगतं की कामातून कळलेली अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय किंवा कायद्याची गरज नसताना दुसऱ्याला सांगायची नाही. दुसरा म्हणजे आज्जीही. वर्गात इथे मुलं चिडतात. नात्याला अर्थ आहे की नाही, विचारतात. आहे, पण गावात आणखी दोन हजार घरं आहेत, ज्यांची नात ऑडिटर नाही. एका आज्जीला आठ दिवस आधी कळलं की इतरांच्या वाट्याची रक्कम तेवढ्याने कमी होते, कारण तिजोरीत सहा लाखच आहेत. ती म्हणाली, "आज्जी, या संस्थेबद्दल मी काही सांगू शकत नाही, मी तिथं ऑडिटर आहे. तू आपल्या घरच्या मोठ्या मामाला विचार."

आज्जीने त्यातून काय ओळखलं कोण जाणे. तिने ठेव मोडली नाही. यावरून तिचं उत्तर योग्य ठरत नाही, की चुकीचंही ठरत नाही. 'सांगू शकत नाही' एवढ्यानेही चतुर माणूस सावध होतो, म्हणून काही जण म्हणतात की 'तुला वाटेल ते कर' एवढंच म्हणायला हवं होतं. मला ही चिरफाड जरा जास्त वाटते.

सभेतलं पुस्तक

खात्याकडे जायचा रिपोर्ट कन्नडमध्ये होता, खात्याचे नमुने तसेच असतात. सभासदांना घरपोच जाणारं वार्षिक अहवालाचं पुस्तक मराठीत. आणि खरा घात इथे झाला. पुस्तकात चेअरमनचं मनोगत होतं, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली होती, दहावी-बारावीतल्या गुणवंतांचे फोटो होते, ताळेबंद होता तोही जुन्याच आकड्यांचा. ऑडिटरच्या रिपोर्टच्या जागी एक ओळ: 'लेखापरीक्षकांचा अहवाल कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध आहे.' मनोगतात थकबाकी 2.1 टक्के.

ऑडिट झालेल्या पत्रकांबरोबर जी इतर माहिती छापली जाते ती ऑडिटरने वाचावी आणि विसंगती दिसली तर बोलावं, असं एसए 720 सांगतं. तिने पुस्तक छपाईआधी मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर दाखवलं असतं असंही नाही, पण न दाखवणं हीसुद्धा नोंदवायची गोष्ट झाली असती. जो कागद दोन खात्यांच्या कपाटात जातो त्यावर ती महिनाभर झिजली आणि जो कागद दोन हजार घरांत जातो तो तिच्या नजरेखालून गेलाच नाही. ही चूक तिच्या एकटीची नाही. या पट्ट्यातल्या बहुतेक ऑडिटरांना आपलं काम सहीला संपतं असं वाटतं. सभासद वाचणार कोणत्या भाषेत, हे आपण कधी विचारत नाही.

सप्टेंबरच्या सभेत एका निवृत्त हायस्कूल मास्तरांनी ती ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, "अहवाल ऑफिसात आहे तर इथं आणायला किती वेळ लागतो?" सेक्रेटरींनी आणला आणि कन्नडमधून भरभर वाचायला लागले. मास्तर म्हणाले, मराठीत सांगा. सेक्रेटरी म्हणाले, भाषांतर केलेलं नाही. मग तिथेच मागे बसलेल्या, बेळगावच्या कॉलेजात बी.कॉम. करणाऱ्या एका पोराने उठून परिच्छेदामागून परिच्छेद मराठीत सांगितला. सभा चार तास चालली. लाभांश नामंजूर झाला.

रांग लागली, पण चेअरमन म्हणाले होते तशी नाही. तीन महिन्यांत 2 कोटींच्या आसपास ठेवी गेल्या. डीसीसी बँकेतली गुंतवणूक तारण ठेवून, सोनेतारणाची वसुली करून संस्थेने त्या दिल्या. बाकीचे थांबले. का थांबले याचं एकच कारण सांगता येत नाही. रिपोर्टमध्ये नेमकी किती खाती आणि किती रक्कम हे लिहिलेलं होतं, त्यामुळे अफवेला कुठवर फुगायचं याची हद्द कळली, असं मास्तरांचं म्हणणं. काहींना मुदतीआधी मोडलं तर व्याज बुडेल याची चिंता होती. भट्टीवाल्यांपैकी दोन घराण्यांनी जमीन विकून खाती मिटवली, बाकीच्यांवर सहकारी संस्था कायद्याच्या 70 व्या कलमाखाली दावे गेले.

कॅशियर

सहकार खात्याने त्याच कायद्याच्या 64 व्या कलमाखाली चौकशी लावली. चौकशी अधिकारी येण्याआधीच संचालक मंडळाने बैठक घेऊन कॅशियरला निलंबित केलं. कारण लिहिलं: 'रोख नोंदींत अनियमितता.' कॅशियर बारावी झालेला, पगार 14 हजार. त्याला कुठली आचारसंहिता शिकवलेली नव्हती. सेक्रेटरींनी दिलेल्या चिठ्ठीवरून त्याने 86 नोंदी घातल्या होत्या, हस्ताक्षर त्याचंच होतं, आणि ऑडिट रिपोर्टमध्येही 'रोख पुस्तकातील खोट्या नोंदी' असंच लिहिलेलं होतं. कुणाच्या सांगण्यावरून, हे रिपोर्टमध्ये नव्हतं. तिने आकडे नीट लिहिले, कर्ता लिहिला नाही. तसं लिहायला ऑडिटर बांधील नसतो, असं थोरल्यांचं मत. एसए 240 वाचलं तर व्यवस्थापनाने केलेली अफरातफर आणि कर्मचाऱ्याने केलेली चूक यांत फरक करणं हे ऑडिटरच्या कामातच येतं, असं माझं.

चौकशी अधिकाऱ्याने तिच्याकडे वर्किंग पेपर्स लेखी मागितले. कायद्याने मागितलेली माहिती देताना गोपनीयता आड येत नाही. तिने दिलेल्या कागदांत प्रोसिडिंग बुकातल्या, म्हणजे संचालकांच्या बैठकांच्या नोंदवहीतल्या, 24 मार्च 2023 च्या ठरावाची नक्कल होती: 43 कर्जदारांना नवीन कर्ज मंजूर, एकमताने. कॅशियरने नोंदी घातल्या त्या त्यानंतर सहा दिवसांनी. ठरावाखाली चेअरमनसह अकरा संचालकांच्या सह्या आहेत, त्यात ज्यांच्या नात्यातली दोन खाती होती तेही आहेत. 69 व्या कलमाखाली नुकसानभरपाई बसवायची झाली तर ती कुणावर, हे अजून ठरलेलं नाही. अधिकाऱ्याने कॅशियरचा जबाब एकदा घेतला आहे, संचालकांना नोटिसा गेल्या आहेत.